लिनक्सवरील नेटवर्क प्रिंटर : दोष नेमका कोठे?

मंठ्यात संध्याकाळी वीज जाऊन आली आणि उद्या सादर करावयाचा प्रकल्प छापला जाईना, की आपण प्रथम ड्रायव्हरला दोष देतो. तो बहुधा निर्दोष असतो.

लिनक्समध्ये छपाईचा कारभार ‘कप्स’ ही प्रणाली पाहते. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ हा पत्ता उघडल्यास तिची रांग दिसते. काम रांगेतच अडले असेल, तर प्रिंटरचा आयपी पत्ता पाहावा. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर तो बदलू शकतो. अशा वेळी ड्रायव्हर कितीदा बसवला तरी व्यर्थ. पत्ता कायमचा नेमून द्यावा.

काम पोहोचले, पण पानामागून पान निरर्थक चिन्हांनी भरून आले, तर मात्र ड्रायव्हर चुकला असे समजावे : संगणक पोस्टस्क्रिप्टमध्ये बोलतो आणि प्रिंटरला केवळ पीसीएल कळते, असा तो प्रकार. तेथे नेमके मॉडेल निवडावे. ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ जाणणाऱ्या नव्या प्रिंटरला स्वतंत्र ड्रायव्हर लागतच नाही.

इंग्रजी नीट उमटून देवनागरीच्या जागी चौकटी आल्या, तर खोट फाँटची. प्रबंधिका पीडीएफमध्ये, फाँट अंतर्भूत करूनच पाठवावी.