ओल्या मातीत सुकलेला वेल

मनीप्लांटची पानं मलूल झाली की हात आपसूक तांब्याकडे जातो. प्रस्तुत लेखिकेचाही गेला. पुण्यातल्या घरात पुस्तकांच्या कपाटावरून चार वर्षं डौलात लोंबणारा वेल जुलैत मान टाकू लागला, तेव्हा तिने रोज सकाळी पाणी घातलं. पानं पिवळी पडली, तेव्हा संध्याकाळीही घातलं. पंधरा दिवसांनी कुंडी उपडी केली. मुळं काळी पडली होती, धरताच त्यांची साल निसटत होती आणि मातीला कुजका वास येत होता.

वेल गुदमरून गेला होता. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतही पानं तहानल्यासारखी लोंबतात. फसगत होते ती इथेच. म्हणून पानांकडे बघून पाणी घालू नये. बोटाची दोन पेरं मातीत खुपसावीत. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्यात घरातली माती आठ-दहा दिवसही ओली राहते. लेखिकेच्या चिनी मातीच्या देखण्या कुंडीला तर तळाशी भोकच नव्हतं.

वेलालाही पेरं असतात आणि नवा कोंब फुटतो तो तिथूनच. देठासकट नुसतं पान पाण्यात ठेवलं, तर ते हिरवं राहतं, वेल होत नाही. लेखिकेला तीन धडधाकट पेरं मिळाली. ती तिने बाटल्यांत ठेवली आणि पाणी कमी झालं की वरून भर घालत राहिली.

ही दुसरी चूक अधिक गंभीर होती. ऑगस्टमध्ये डासांच्या तपासणीला आलेल्या पालिकेच्या ताईंनी एक बाटली उजेडात धरली, तर आत अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेने अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी बदलायचं आणि बाटली आतून घासायची. काचेला चिकटलेली अंडी सुकली तरी महिनोन् महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम.

मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा. झाडावर चढू दिला, की तो मुळांनी खोड धरत वर जातो आणि त्याची पानं सुपाएवढी होतात. पण तो अळू-सुरणाच्या कुळातला आहे, हे लहान मुलांच्या घरात विसरू नये. ज्यांच्यामुळे अळू घशाला खाजतं, ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्यातही असतात. अळू आपण चिंच घालून शिजवतो; रांगणारं बाळ किंवा मांजर हे पान कच्चंच चावतं. मग तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात.

लेखिकेची दोन पेरं रुजली. भोक असलेल्या मातीच्या कुंडीत, पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत, ती वाढताहेत. फार अंधारात ठेवली तर पानांवरची पिवळी नक्षी फिकटते. शेंडे जमिनीपासून तीन फुटांवर आले, की ती खुडते आणि खुडलेली पेरं त्याच कुंडीत खोचते. त्याने वेल बुंध्याशी दाट होतो.