किती काढायचं, हे ठरवण्याआधी

बायॉप्सीत स्तनाचा कॅन्सर असल्याचा रिपोर्ट आला, त्याच संध्याकाळी आमच्या धायरीच्या घरात सगळं ठरूनही गेलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "पूर्णच काढून टाक, परत डोक्याला ताप नको." पहिल्या सर्जनांनी तर परवाची तारीखही दिली होती. माझं मत कुणी विचारलंच नाही.

बायांनो, इथेच थांबा. माझी गाठ दीड सेंटिमीटरची होती, काखेत हाताला काही लागत नव्हतं. अशा वेळी दुसऱ्या कॅन्सर सर्जनचं मत घेण्याइतके दिवस नक्की मिळतात.

मी ते घेतलं. त्या डॉक्टरांनी इटलीतल्या मिलानचा अभ्यास समजावून सांगितला. डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात अशाच लहान गाठींच्या ७०१ बायका त्यात घेतल्या. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची गाठ भोवतालच्या भागासह काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांनीही जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. मात्र स्तन राखलेल्या ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. पूर्ण काढलेल्यांपैकी ८ जणींना त्या जागी आजार उलटला. हेही माहीत हवं.

स्तनाच्या मानाने गाठ केवढी आहे, ती एकाच जागी आहे का, पूर्वी छातीला रेडिएशन झालंय का, आई-बहिणींना हा आजार होता का, हे डॉक्टरांशी बोला. गाठीच्या कडा साफ आल्या नाहीत तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, तेही आधीच विचारा. आणि पूर्ण काढलं की केमो टळते, हा समज सोडा. केमो गाठीच्या प्रकारावर आणि काखेतल्या गाठींवर ठरते.

मी स्तन राखला. मग तीन आठवडे, रविवार सोडून रोज रेडिएशन. शेक दोन-चार मिनिटांचा, पण धायरी फाट्यावरून सिंहगड रस्त्याच्या गर्दीत जाऊन-येऊन अर्धा दिवस जायचा. सोबत कोण येणार, सुट्टी मिळेल का, खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे ऑपरेशनच्या आधी बघा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना गाठा.

भोरकडच्या माझ्या एका मैत्रिणीला रोजचं येणं जमणारं नव्हतं. तिने नीट विचार करून पूर्ण काढायचं ठरवलं, आणि मला ते पटलं. पण काखेचा रिपोर्ट येईपर्यंत तिलाही धीर धरावा लागला. तिथे आजार निघाला असता, तर पूर्ण काढूनही रेडिएशन लागण्याची शक्यता होतीच.