नगरदृश्य : चित्र आणि पुरावा

अठराव्या शतकात इटलीमध्ये, विशेषतः व्हेनिसमध्ये, नगरदृश्याच्या चित्रप्रकाराला फार मोठी प्रतिष्ठा लाभली. युरोपच्या प्रवासाला निघालेले धनिक, पाहिलेल्या नगराची आठवण म्हणून, अशी चित्रे विकत घेत. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नाव कानालेत्तोचे. त्याचा भाचा व शिष्य बेर्नार्दो बेल्लोत्तो याने मात्र ही कला आल्प्सपलीकडे नेली. १७४७ मध्ये तो एल्ब नदीकाठच्या ड्रेस्डेन येथे सॅक्सनीच्या दरबारात रुजू झाला आणि पुढे १७६७ पासून १७८० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने पोलंडची राजधानी वॉर्सा येथे राजा स्तानिस्वाव आउगुस्ट याच्या आश्रयाखाली चित्रे काढली.

त्याचे १७७० मधील 'प्रागा उपनगरातून दिसणारे वॉर्सा' हे चित्र या दृष्टीने अभ्यासनीय आहे. सुमारे पावणेदोन मीटर उंच आणि अडीच मीटरहून अधिक रुंद अशा या कापडावर विस्तुला नदीचे विशाल पात्र पसरले असून, पलीकडच्या उंच काठावर राजवाडा, जुने शहर, चर्चची शिखरे आणि सरदारांचे प्रासाद एका ओळीत उभे आहेत. अग्रभागी चित्रकाराने स्वतःलाही चित्रफलकासमोर बसविले आहे. जणू हे नगर आपण प्रत्यक्ष पाहिले आहे, अशी ती साक्षच होय.

नगरदृश्यासाठी नदी का लागते, हे येथे ध्यानात येते. नगराच्या आत उभे राहिले तर एक गल्ली वा एक चौक दिसतो. संपूर्ण नगर दिसण्यासाठी त्यापासून दूर जावे लागते. नदी हे अंतर देते आणि तेही मध्ये कोणतीही वास्तू आड येऊ न देता. या अंतरावरून दिसणारे रूप टिपण्यासाठी हे चित्रकार 'कॅमेरा ऑब्स्क्यूरा' नावाच्या अंधाऱ्या पेटीचा उपयोग करीत. भिंगातून आत येणारी प्रतिमा कागदावर पडे व तिच्या रेषा गिरवून घेता येत. अशी अनेक रेखाटने जोडून विस्तृत दृश्य सिद्ध होई. तथापि या साधनाने चित्रकार यंत्र बनत नाही. कोणत्या रेखाटनाला कोणते जोडावे, कोणती इमारत किंचित पुढे आणावी आणि प्रकाश कोठून पाडावा, हा निर्णय त्याचाच असतो.

या चित्रांना पुढे एक अनपेक्षित कार्य करावे लागले. १९४४ मध्ये वॉर्साचा उठाव मोडून काढल्यावर जर्मन सैन्याने ते नगर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. युद्धानंतर पुनर्बांधणी करताना वास्तुकारांनी क्राकोव्स्क्ये प्शेद्मीश्चे व म्योदोव्हा या मार्गांवरील इमारतींसाठी बेल्लोत्तोच्या चित्रांचा आधार घेतला. जुने शहर १९८० मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. परंतु केवळ चित्रांवर हे काम उभे राहिले नाही. वॉर्सा तंत्रविद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागाने केलेली मोजमापे व रेखाटनेही जपून ठेवली गेली होती. शिवाय बेल्लोत्तोने काही इमारतींना प्रत्यक्षापेक्षा अधिक शोभा दिली असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. चित्रकाराने केलेली सुधारणा अशा रीतीने दोनशे वर्षांनी दगडविटांत उतरू शकते. चित्राचा पुरावा म्हणून उपयोग करणाऱ्याने हा धोका विसरता कामा नये.

हाच प्रश्न पुण्याच्या संदर्भात विचारला तर उत्तर निराळे येते. मुठेच्या काठी वसलेल्या पेशवाईतील पुण्याला बेल्लोत्तो लाभला नाही. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याचे वास्तव्य मुळा-मुठेच्या संगमावर होते. १७९२ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे ही त्याची मुख्य कामगिरी. त्याच्या सहवासात आलेल्या गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. वेल्स १७९५ मध्ये वारल्यावर त्याच्या सामग्रीवरून थॉमस डॅनियलने पेशव्यांच्या दरबाराचे मोठे चित्र १८०५ मध्ये पूर्ण केले. या सर्वांचे लक्ष व्यक्ती, दरबार आणि लेणी यांवर होते. नदीपलीकडे बसून सबंध नगराची रेघन् रेघ टिपणे हे त्यांचे उद्दिष्टच नव्हते.

त्याची किंमत पुढे कळली. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातील महाल जळाले. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे पुरात कोसळले. जे गेले त्याची कल्पना आज दप्तरांतील नोंदी, घरगुती आठवणी आणि अवशिष्ट पाया यांवरून तुकड्यातुकड्यांनी करावी लागते.

यावरून निघणारा धडा चित्रकलेपुरता मर्यादित नाही. बेल्लोत्तोने वॉर्सा रंगविले ते भविष्यातील विनाशासाठी नव्हे. राजाला आपले नगर डोळे भरून पाहायचे होते म्हणून. पाहण्याची ही हौसच पुढे नगराच्या उपयोगी पडली. जे नगर आपले रूप उभे असतानाच टिपून ठेवते, त्याला पडझडीनंतर निदान प्रश्न कोठून विचारावेत हे तरी माहीत असते. ज्याने ते टिपले नाही, त्याला आपला भूतकाळ प्रथम कल्पावा लागतो आणि मग त्या कल्पनेवरच विश्वास ठेवावा लागतो.