उभ्या ट्रकचें जाम इंजिन जागेवरच सोडविणें

उसाच्या वाहतुकीचा हंगाम संपला म्हणजे ट्रक गोठ्याच्या कडेस उभा राहतो, तो कारखान्याचें धुराडें पुन्हा पेटेपर्यंत. मध्यंतरीं पावसाळा जातो. हंगामाच्या तोंडावर किल्ली फिरवावी तों सेल्फचा एक ठोका ऐकूं येतो आणि इंजिन तसूभरही हलत नाहीं. अशा वेळीं इंजिन उतरविण्याचा सल्ला बहुधा मिळतो. परंतु टोळीस उचल देऊन झालेली असते आणि कर्जाचा हप्ता कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून इंजिन जागेवर ठेवूनच काय करतां येतें, तें येथें सांगावयाचें आहे.

चालतां चालतां तेल वा पाणी संपून, तापून जाम झालेल्या इंजिनांत धातूवर धातू घासलेला असतो; तेथें पुढील उपाय फारसा चालत नाहीं. उभ्या उभ्या जाम झालेल्या इंजिनांत मात्र बहुधा रिंगा व सिलिंडर यांमध्यें गंज धरलेला असतो, व तो सोडवितां येतो. त्यापूर्वीं दोष खरोखर इंजिनांतच आहे ना, हें पाहावें. गाडी न्यूट्रलमध्यें घेऊन चाकांस उटी लावावी, बॅटरीची तार सोडावी, पट्टा उतरवून त्यावर फिरणारे भाग हातानें फिरवून पाहावे, आणि सेल्फ काढून घ्यावा. सेल्फचा दांता फ्लायव्हीलमध्यें अडकल्यापायीं सबंध इंजिन उकललेलें मीं पाहिलें आहे.

नंतर भोंवतालची माती पुसून सर्व नोजल काढावे. ते निघेनात तर बुडाशीं डिझेल सोडून रात्रभर थांबावें. पहारीनें उचकटूं नयेत. सिलिंडरमध्यें पाणी सांचून इंजिन अडलें असेल तर नोजल काढल्यावर हातानें फिरवितांच तें भोंकांतून बाहेर पडतें. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा-पंचगंगेस आला तशा पुरांत बुडालेल्या गाडीस सेल्फ मारणें घातक असतें तें याचसाठीं. पाणी दाबलें जात नाहीं. कनेक्टिंग रॉड वांकतो.

पाणी नसेल तर प्रत्येक सिलिंडरमध्यें अर्धा कप डिझेल व पातळ तेल समभाग मिसळून ओतावें, भोंकें फडक्यानें झांकावीं, आणि तीन-चार दिवस वाट पाहावी. रोज थोडें नवें ओतावें. मग सेल्फच्या भोंकांतून फ्लायव्हीलच्या दांत्यांस पहार लावून किंचित् पुढें, किंचित् मागें, असा दाब द्यावा. पुलीच्या नटावर जोर केला तर उलट फिरवितांना तो नटच सुटण्याचा संभव असतो. केंसभर हालचाल दिसली म्हणजे काम साधलें असें समजून एकदम फिरवूं नये. पुन्हा तेल सोडावें, पुन्हा हलवावें. झडपा अडकून राहिल्या नाहींत ना, हें वरचें टॅपेट कव्हर काढून या वेळीं पाहून घ्यावें, नाहीं तर पुशरॉड वांकतात.

येथें घाई माझ्या अंगाशीं आली आहे. सायलेन्सरचें तोंड उघडें राहून पाणी आंत गेलें होतें. एका कारागिराच्या सांगण्यावरून गाडी गिअरमध्यें ठेवून दुसऱ्या ट्रकनें ओढविली. इंजिन सुटलें खरें, पण एक रॉड वांकला आणि ऐन तोडणीचे पंधरा दिवस गेले.

आठवड्यानेंही हालचाल न झाल्यास हेड उतरवावें. तें गाडीवरच उतरतें. सिलिंडरच्या भिंतीवरील गंज बारीक पॉलिश कागदानें काढून, जो पिस्टन मध्यावर असेल त्यावर लांकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावे. अगदीं वर वा अगदीं खालीं असलेल्या पिस्टनवर ठोकून क्रॅंक फिरत नाहीं, बेअरिंग मात्र दुखावतें. तरीही न सुटल्यास खालून चेंबर काढून रॉडची टोपी सोडावी, सिलिंडरच्या माथ्यावरील कड घासून काढावी, व पिस्टन वरून बाहेर घ्यावा. चेंबरांत धातूचा चुरा सांपडला आणि क्रॅंकवर ओरखडे दिसले, तर मात्र इंजिन उतरविण्यास दुसरा मार्ग नाहीं.

सुटलेल्या इंजिनांतील जुनें तेल काढून टाकावें, कारण ओतलेलें डिझेल त्यांत उतरलेलें असतें. नवें तेल व फिल्टर घालून, सेल्फ बसवून, नोजलांवांचूनच थोडा थोडा वेळ फिरवावें. भोंकांतून उडणाऱ्या पिचकारीपुढें तोंड नेऊं नये. तेलाचा दाब दिसूं लागल्यावर नव्या तांब्याच्या वायसरांसह नोजल बसवून हवा काढावी. सुरू करतांना एकानें सपाट फळी घेऊन हवेच्या तोंडाशीं उभें राहावें. सिलिंडरांत उरलेल्या तेलावर इंजिन कधीं बेफाम धांवतें, तेव्हां हवा कोंडणें हाच उपाय. हात मात्र तेथें लावूं नये. प्रथम पुष्कळ धूर येईल, तो ओसरतो. एक दिवस रिकामी गाडी चालवूनही ब्रीदरमधून धूर येतच राहिला, तर रिंगा अद्याप धरलेल्या आहेत. अशा गाडीवर उसाची पहिली खेप भरूं नये.