शरशय्या आणि वैद्य

भीष्मपर्वातील एक प्रसंग पुराणिक सहसा विस्ताराने सांगत नाहीत. भीष्म शरशय्येवर पडले असता दुर्योधनाने शल्य काढण्यात निपुण असे वैद्य आणविले. पितामहांनी त्यांना धन देऊन सन्मानाने परत पाठविण्यास सांगितले. मस्तकास आधार व तृषेस पाणी मात्र त्यांनी मागून घेतले. उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही, हाच आजच्या उपशामक चिकित्सेचा गाभा होय.

परंतु भीष्म बोलू शकत होते. श्वसनयंत्रावर बेशुद्ध पडलेल्या वृद्धाने काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. प्रारंभी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णास तपासतात. औषध टोचून मरण आणण्यास मुभा नाही, हेही ध्यानी असावे.

मालमत्तेच्या मृत्युपत्रासाठी आपण वकील गाठतो. हा विषय निघाला की “अभद्र बोलू नका” म्हणून मंडळी उठून जातात. मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी थोरल्या मुलास अर्ध्या घटकेत निर्णय घ्यावा लागतो, आणि भावंडांचे बोल तो पुढे वर्षानुवर्षे ऐकत राहतो.