हंगामाच्या मध्यावर दणकेबाज फलंदाज घ्यावा का?

कॅडेट मित्रांनो, आपल्या मैदानावर क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल हे खेळ रोज होतात. बेसबॉल मात्र तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. तरीही या अंकातल्या पाठासाठी मी त्या खेळातला एक प्रश्न निवडला आहे, कारण निर्णय कसा घ्यावा हे शिकायला तो सोयीचा आहे. प्रश्न असा: हंगाम निम्म्याहून अधिक झाला आहे. आपला संघ थोडा मागे आहे आणि फलंदाजी कमी पडते आहे. दुसऱ्या एका संघाकडे चेंडू सीमेपार भिरकावणारा दणकेबाज फलंदाज आहे. तो मिळू शकतो, पण त्याच्या बदल्यात आपले होतकरू तरुण खेळाडू द्यावे लागतील. घ्यावा की नको?

अकरावीच्या वर्गात मी हा प्रश्न फळ्यावर लिहिला तेव्हा बहुतेकांनी लगेच 'घ्यावा' म्हणून हात वर केले. का, असे विचारल्यावर उत्तर आले, "सर, तो सिक्स मारतो!" हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. त्या सिक्सनी किती सामने जास्त जिंकले जातील? तेवढे सामने आपल्या कामाचे आहेत का? आणि त्यासाठी काय द्यावे लागेल? हे तीन प्रश्न शिल्लक राहतात. ते क्रमाने घेऊ.

थोडी खेळाची ओळख

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. २९ अमेरिकेतले आणि १ कॅनडातला. प्रत्येक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने खेळतो. गटात पहिला आलेला संघ ऑक्टोबरच्या बाद फेरीत जातो आणि तिचा शेवट 'वर्ल्ड सीरिज' या अंतिम मालिकेने होतो. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला संपते. तोवर शंभरावर सामने झालेले असतात आणि ५५ ते ६० उरलेले असतात.

क्रिकेटमध्ये चांगला फलंदाज दिवसभर खेळू शकतो. बेसबॉलमध्ये नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमाने येतात. एकाची पाळी झाली की बाकी आठ जणांची होईपर्यंत त्याला बसून राहावे लागते. त्यामुळे कितीही मोठा फलंदाज असला तरी एका सामन्यात त्याला चार-पाच वेळाच बॅट हाती मिळते. शिवाय 'होम रन', म्हणजे चेंडू कुंपणाबाहेर टोलवणे, याला ठरावीक सहा धावा नसतात. फलंदाजाची एक आणि त्या वेळी बेसवर जितके साथीदार उभे असतील तितक्या, अशा एक ते चार धावा मिळतात. म्हणजे होम रनची किंमत बाकीच्यांनी आधी काय केले आहे यावर अवलंबून असते.

पहिला प्रश्न: किती विजय वाढतील?

बिल जेम्स या अमेरिकी अभ्यासकाने एक सोपे सूत्र मांडले आहे. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्या. त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. जे उत्तर येईल ते साधारणपणे संघाच्या विजयांचे प्रमाण असते.

समजा, एका संघाने हंगामात ७०० धावा केल्या आणि ७०० दिल्या. प्रमाण ०.५ येते, म्हणजे १६२ पैकी ८१ विजय. आता त्याच संघाने ७१० धावा केल्या तर प्रमाण ०.५०७ येते, म्हणजे सुमारे ८२ विजय. ७२० केल्या तर सुमारे ८३. यावरून ढोबळ नियम निघतो: दहा धावा वाढल्या की एक विजय वाढतो.

आता आपला दणकेबाज फलंदाज पाहू. उरलेल्या ६० सामन्यांत त्याच्या साधारण २५० पाळ्या होतील. समजा त्याने १५ होम रन मारले आणि ज्याच्या जागी तो आला त्याने ५ मारले असते. फरक १० होम रनचा. बेसवरच्या साथीदारांचा विचार करून अभ्यासक एका होम रनची किंमत सरासरी १.४ धावांच्या आसपास धरतात. म्हणजे १४ धावा वाढल्या. इतर फटक्यांच्या आणखी पाच-सहा धरल्या तरी एकूण २० धावा होतात. उत्तर: दोन विजय.

वर्गात हे उत्तर फळ्यावर आले तेव्हा बऱ्याच जणांचे चेहरे उतरले. एवढा मोठा फलंदाज, आणि फक्त दोन विजय? हो, नऊ जणांच्या खेळात दोन महिन्यांत एका माणसाकडून एवढीच अपेक्षा धरता येते. फार चांगला खेळला तर तीन.

दुसरा प्रश्न: ते दोन विजय कामाचे आहेत का?

याचे उत्तर गुणतक्त्यात आपण कुठे आहोत यावर ठरते. हे दाखवणारी तीन खरी उदाहरणे घेऊ.

१९९३ साली अटलांटा ब्रेव्ह्ज हा संघ जुलैच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या नऊ-दहा सामने मागे होता. १८ जुलैला त्यांनी सॅन डिएगो पाद्रेजकडून फ्रेड मॅकग्रिफ हा फलंदाज घेतला. त्या वेळी ब्रेव्ह्जचे ५३ विजय आणि ४१ पराभव होते. मॅकग्रिफने उरलेल्या काळात १९ होम रन मारले आणि संघाने पुढच्या ६८ पैकी ५१ सामने जिंकले. शेवटी ब्रेव्ह्ज १०४ विजय, जायंट्स १०३. त्या काळी गटात दुसऱ्या आलेल्याला बाद फेरीत जागा नव्हती. १०३ सामने जिंकूनही जायंट्स घरी बसले.

आता गणित करा. जुन्या गतीने ब्रेव्ह्जने ६८ पैकी सुमारे ३८ सामने जिंकले असते. जिंकले ५१. हे तेरा जास्तीचे विजय एकट्या मॅकग्रिफचे नाहीत. ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅव्हिन यांच्यासारखे पिचर त्या संघात होते आणि सगळा संघच त्या दोन महिन्यांत बहरला. मॅकग्रिफच्या वाट्याला आपण दोन-तीनच विजय धरू. पण अंतर फक्त एका विजयाचे होते! ते दोन-तीन काढून घेतले तर ब्रेव्ह्ज दुसरे येतात. म्हणून ही अदलाबदल योग्य ठरली. बदल्यात गेलेल्या तीन तरुणांपैकी कोणी पुढे मोठा खेळाडू झाला नाही, हेही त्यांच्या पथ्यावर पडले.

दुसरे उदाहरण १९९७ चे. ३१ जुलैला सेंट लुईस कार्डिनल्सने ओकलंडकडून मार्क मॅक्ग्वायरला घेतले. त्याने तिथे ५१ सामन्यांत २४ होम रन मारले, म्हणजे मॅकग्रिफपेक्षाही जास्त. तरी संघाचा शेवट ७३ विजय आणि ८९ पराभव असा झाला. पुढच्या वर्षी त्याने ७० होम रन मारून रॉजर मॅरिसचा १९६१ चा ६१ चा विक्रम मोडला, तरीही संघ बाद फेरीत पोचला नाही. (या पराक्रमांमागे उत्तेजक द्रव्ये होती, हे मॅक्ग्वायरने २०१० साली स्वतः कबूल केले. त्याचे आकडे वाचताना ही गोष्ट विसरू नका.) स्टेडियम भरली, पण तक्त्यातली जागा बदलली नाही.

तिसरे उदाहरण २०१५ चे. न्यूयॉर्क मेट्सकडे उत्तम तरुण पिचर होते, पण धावा होत नव्हत्या. ३१ जुलैला त्यांनी डेट्रॉईट टायगर्सकडून योएनिस सेस्पेडेसला घेतले. त्याने ५७ सामन्यांत १७ होम रन मारले. मेट्सने ९० विजयांसह गट जिंकला आणि २००० नंतर प्रथमच ते वर्ल्ड सीरिजला पोचले. तिथे कॅन्सस सिटी रॉयल्सने त्यांना ४-१ ने हरवले. लोकांनी सगळे श्रेय सेस्पेडेसला दिले. पण दुसरा आलेला वॉशिंग्टन नॅशनल्स ८३ विजयांवर थांबला होता. अंतर सात विजयांचे. दोन-तीन विजय वजा केले तरी मेट्सच पहिले येतात. म्हणजे निकाल चांगला लागला तरी तो या एका निर्णयामुळेच लागला असे म्हणता येत नाही. निकाल आणि निर्णय हे दोन वेगळे तपासायचे असतात.

तिसरा प्रश्न: काय द्यावे लागेल?

सेस्पेडेसचा करार त्या हंगामाअखेर संपणार होता. त्याच्या बदल्यात मेट्सने मायकेल फुल्मर आणि लुईस सेसा हे दोन तरुण पिचर दिले. २०१६ साली फुल्मर अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

२०२२ साली सॅन डिएगोने वॉशिंग्टनकडून हुआन सोटो आणि जॉश बेल यांना घेतले. बदल्यात पाच होतकरू तरुण आणि एक अनुभवी खेळाडू दिला. सोटोने उरलेल्या हंगामात ५२ सामन्यांत फक्त ६ होम रन मारले. संघ बाद फेरीत उपांत्य टप्प्यापर्यंत गेला. २०२३ मध्ये सोटोने ३५ होम रन मारले, पण संघ बाद फेरीत पोचला नाही, आणि त्या डिसेंबरात सोटोलाच न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवावे लागले. इकडे दिलेल्या तरुणांपैकी सी. जे. एब्रम्स २०२४ साली, तर मॅकेन्झी गोर आणि जेम्स वुड २०२५ साली ऑल-स्टार संघात निवडले गेले. सोटोसारखा फलंदाज दहा वर्षांत एखादाच येतो, हे खरे. तरी दिलेली किंमत किती मोठी होती ते कळायला तीन वर्षे लागली.

उलट २०२१ ची ब्रेव्ह्जची गोष्ट बघा. १० जुलैला त्यांचा सर्वात चांगला खेळाडू रोनाल्ड अकुन्या गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला. तेव्हा संघाचे विजय पराभवांपेक्षा कमी होते. त्यांनी एका मोठ्या नावामागे सगळा खजिना ओतला नाही. जॉक पीडरसन, ॲडम डुव्हाल, होर्हे सोलेर आणि एडी रोसारियो असे चार मध्यम दर्जाचे फलंदाज स्वस्तात घेतले. मैदानात तीन जागा दुबळ्या होत्या, त्या तिन्ही भरल्या. रोसारियो उपांत्य मालिकेचा आणि सोलेर वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ब्रेव्ह्ज विजेते झाले.

किंमत मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दिला जाणारा खेळाडू म्हणजे फळ्यावरचा आकडा नसतो. २९ जुलै २०१५ ला मेट्सच्या विल्मर फ्लोरेसला सामना चालू असतानाच कळले की आपल्याला दुसऱ्या संघाला दिले आहे. व्हेनेझुएलाचा हा मुलगा सोळाव्या वाढदिवशी मेट्सशी करार करून घर सोडून आला होता. तो मैदानावरच डोळे पुसत उभा राहिला आणि तसाच खेळत राहिला. ती अदलाबदल वैद्यकीय कारणावरून फिसकटली. दोन दिवसांनी, सेस्पेडेस घेतला त्याच रात्री, नॅशनल्सविरुद्ध बाराव्या डावात फ्लोरेसनेच होम रन मारून मेट्सला २-१ असा विजय मिळवून दिला. लहान वयात घर सोडून वसतिगृहात आलेल्या तुम्हा मुलांना आणि तुम्हाला इथे पाठवणाऱ्या पालकांना त्या मुलाचे डोळे का भरले हे मी सांगायला नको.

माझे उत्तर

तर घ्यावा का? मी 'हो' म्हणेन, पण चार अटींवर. संघ आघाडीपासून दोन-तीन विजयांच्या अंतरात असावा. मागे असला तरी किंवा पुढे असला तरी. दुबळेपणा खरोखर फलंदाजीतच असावा. पिचर मार खात असतील तर होम रनने भोक बुजत नाही. दिला जाणारा तरुण पुढची पाच-सहा वर्षे ज्याच्यावर संघ उभा राहील असा नसावा. आणि तेच काम स्वस्तातल्या दोघा-तिघांकडून होणार नाही, याची खात्री असावी. यातली एकही अट मोडत असेल तर मी आहे त्या संघाला घेऊन हंगाम पुरा करीन.

तुम्ही पुढे अकादमीत जाल तेव्हा परिस्थितीचा आढावा घेण्याची पद्धत शिकाल: उद्दिष्ट काय, परिणाम करणारे घटक कोणते, पर्याय कोणते, आणि मग योजना. राखीव तुकडी केव्हा उतरवायची हा प्रश्नही याच पद्धतीने सुटतो. ती एकदा उतरवली की हाती दुसरे काही उरत नाही. म्हणून तिच्या जोराआधी तिची गरज पाहायची. जुलैच्या शेवटी फोनशेजारी बसलेला बेसबॉल संघाचा व्यवस्थापक हाच विचार करीत असतो.

स्वाध्याय

१. एका संघाने ६५० धावा केल्या आणि ७०० दिल्या. सूत्राने १६२ सामन्यांतले विजय काढा. २० धावा वाढल्या तर किती विजय वाढतील?

२. तुमचा संघ ११ सामने मागे आहे आणि ५८ सामने उरले आहेत. दणकेबाज फलंदाज मिळत असेल तर घ्याल का? कारण पाच ओळींत लिहा.

३. आंतर-हाउस स्पर्धेत तुम्ही कप्तान आहात. अंतिम सामन्यासाठी वर्षभर सराव केलेल्या नववीच्या मुलाला बसवून ऐनवेळी आलेल्या चांगल्या खेळाडूला घ्याल का? ठरवण्याआधी कोणते तीन प्रश्न स्वतःला विचाराल, आणि त्या मुलाला काय सांगाल, तेही लिहा.