‘संडर’ : एका विरळ इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि व्युत्पत्ती

इंग्रजीतील ‘संडर’ हे क्रियापद आज बोलण्यातून जवळजवळ नाहीसे झाले असून काव्यात व भारदस्त गद्यात तेवढे उरले आहे. एकसंध वस्तू किंवा दृढ संबंध बळाने दुभंगणे, हा त्याचा रूढ अर्थ होय. (‘सुंदर’शी असलेले ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे, हौशी व्युत्पत्तिकारांनी त्या वाटेला न गेलेले बरे.) तथापि मोडतोडीची ही छटा मुळातली नव्हे.

प्राचीन इंग्रजीतील ‘सुंड्रियन’ हे क्रियापद ‘सुंडोर’ या अव्ययाशी निगडित आहे आणि या अव्ययाचा अर्थ ‘बाजूला, स्वतंत्रपणे’ एवढाच आहे. भगिनीभाषांची साक्षही हीच. जर्मन ‘बेझोंडर्स’ म्हणजे ‘विशेषतः’, तर डच ‘झोंडर’ म्हणजे ‘विना’. इंग्रजी ‘संड्री’ म्हणजे ‘निरनिराळे’. ‘संडरलंड’ या नगरनामातही ‘वेगळी काढलेली जमीन’ हाच अर्थ आहे. स्वीडिशमध्ये मात्र हाच शब्द ‘मोडलेले’ या अर्थी स्थिरावला. लॅटिन ‘सिने’ आणि वैदिक ‘सनुतर्’ हे शब्दही याच कुळातले मानले जातात. ‘दूर, बाजूला’ या अर्थाचे ‘सनुतर्’ हे अव्यय ऋग्वेदात येते. निघण्टूने त्याची गणना अंतर्हितवाचक शब्दांत केली आहे. अभिजात संस्कृतात ते टिकले नाही, त्यामुळे मराठीपर्यंत त्याचा माग लागत नाही.

अर्थाचा खरा पेच भाषांतरात उभा राहतो. ईश्वराने जोडलेल्यांना मनुष्याने विलग करू नये, या अर्थाचे बायबलमधील वचन 1549 च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथातील विवाहविधीत आणि 1611 च्या अधिकृत भाषांतरात ‘असंडर’ या अव्ययासह येते. मूळ ग्रीक क्रियापद ‘खोरिझो’ हेही ‘वेगळे करणे’ याच अर्थाचे असल्याने इंग्रजी योजना मुळाशी इमान राखणारी ठरते. मराठी बायबलमध्ये येथे ‘तोडणे’ आढळते. ‘जोडणे–तोडणे’ हे यमक कानाला गोड लागते व स्मरणातही राहते. पण त्यापायी वचनातील निषेधाचे क्षेत्र आकुंचित झाले, हे नाकारता येणार नाही. ग्रीक शब्दाचा रोख बंधन तुटण्याइतकाच दोघांमध्ये अंतर पाडण्यावर आहे. ‘वेगळे’ हा शब्द मराठीला परका नव्हता. भाऊ वेगळे निघतात तेव्हा घरात दोन चुली होतात. नाते मात्र तुटलेले नसते.